पंचमीला लावलेलं कुलूप

तुमच्या फोनमध्ये अजून तो फोटो आहे का, ज्यात तुम्ही दुसऱ्याच्या घराच्या कट्ट्यावर चढून, कोरीव दाराला पाठ लावून हसत उभे आहात?

असेल तर पुसू नका. त्या फोटोकडे मी शेवटी येते. आधी तुमच्यावरचा राग सांगते, मग स्वतःवरचा. दुसरा जास्त आहे.

गेल्या श्रावणानंतर जुन्या हुबळीत दर रविवारी सकाळी जुन्या घरांची फेरी निघू लागली. आठ घरं, दोन तास, शेवटी चुरमुऱ्यांचं गिरमिट, तळलेली मिरची आणि चहा. नवनगरच्या नव्या वस्तीकडून गाड्या येतात. त्या बोळात मावत नाहीत, म्हणून बाजाराच्या तोंडाशी उभ्या राहतात आणि भाजी विकणाऱ्या बायका तोंडातल्या तोंडात शिव्या देत आपल्या बुट्ट्या मागे ओढतात. मग पंचवीस-तीस माणसं पांढऱ्या बुटांनी त्या बोळांतून चालतात. एरवी वर्षभर ती इथे लग्नाचं कापड घ्यायलासुद्धा येत नाहीत. तिसऱ्या घरापाशी एक बाई खिडकीच्या गजांना नाक लावून ओरडली होती, "अय्या, आत फ्रिज आहे!" शंभर वर्षांच्या घरात फ्रिज ठेवून त्या लोकांनी तिला फसवलं होतं जणू. तिथेच कट्ट्यावर दात घासत बसलेल्या म्हाताऱ्याला कोणी तरी म्हणालं, "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." त्याने ब्रश तोंडातून काढला, थुंकला आणि म्हणाला, "घर माझंच आहे. पण होतो की."

तुम्ही हसलात. मीही हसले होते. त्या दिवशी मी तुमच्याबरोबर होते आणि माझ्या हातात तुमच्या हातात होतं तेच घडीचं माहितीपत्रक होतं. त्यातला मराठी मजकूर मी लिहिला आहे. खाली माझं नाव नाही. कोणाचंच नाव नाही.

मी पत्रकांत वाढलेली मुलगी आहे. अप्पा गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात लेथ चालवायचे आणि संध्याकाळी कामगारांची पत्रकं छापून आणायचे. घरभर पत्रकं. फळीवर डब्यांखाली पत्रक, खिडकीच्या फुटक्या काचेला पत्रक, चटणीच्या पुडीला पत्रक. लोकांची मुलं 'क' कमळातला शिकली, मी कामगारातला शिकले. आई स्वयंपाक करता करता पत्रकांच्या घड्या घालायची आणि एखाद्या घडीला हळदीचं बोट लागलं की अप्पा म्हणायचे, "चालतंय, आपल्याच घरचं आहे हे कळेल." त्यांची एक अट मात्र कडक होती. पत्रकाच्या तळाशी लिहिणाऱ्याचं नाव हवं. "ज्याच्या खाली नाव नाही, ती आवई," ते म्हणायचे.

आमच्या घरात सण नव्हते. श्रावणात इतर पोरी झोके घ्यायच्या, तेव्हा आम्ही वारुळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहून पत्रक वाटायचो: नाग दूध पीत नाही. तो काय खातो, त्याला ऐकू कसं येतं, दुधाने त्याचं काय होतं, हे सगळं मला आठव्या वर्षी पाठ होतं. नटून आलेल्या बायका पत्रक घ्यायच्या, त्यात लाह्या बांधायच्या आणि पुढे जायच्या. मला त्यांची कीव यायची. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण माझी चूक तिथूनच निघाली.

फेरी काढणारे एक निवृत्त अधिकारी आहेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. गेल्या वर्षी त्यांनी मला बोलावून सांगितलं की दक्षिण महाराष्ट्रातून इथे व्यापाराला आलेल्या घराण्यांची घरं फेरीत आहेत, तर मराठीत मजकूर हवाच. मी अट घातली की प्रत्येक घर मी स्वतः पाहीन, मालकांनी सांगितलेलं उतरवून देणार नाही. सर म्हणाले, "अगं, म्हणूनच तर तुला बोलावलं." मला फार बरं वाटलं होतं.

पाचवं घर एका कापडव्यापाऱ्याचं. तो स्वतः नवनगरात बंगल्यात राहतो आणि या घराच्या पुढच्या बाजूच्या गाळ्यांत त्याचे भाडेकरू दुकानं चालवतात. मी त्याला विचारलं, "अण्णा, घरात आता कोण राहतं?"

"उंदीर," तो म्हणाला. "त्यांची नावं लिहायची तर लिही."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी वही घेऊन स्वतः गेले. पुढच्या दाराला कुलूप. डाव्या अंगाच्या बोळातून मागे वळले. मागे दोन खोल्या, त्यांच्या दारालाही कुलूप. बाहेर पडवीत चूल होती, ती थंड. राख भिजून घट्ट झालेली. चुलीशेजारी भिंतीला लावून मोठा तवा पालथा घातला होता. दोरीवर एकही कपडा नव्हता. मी दार वाजवलं, हाक मारली, पाच मिनिटं थांबले. अप्पांना अभिमान वाटेल अशी तपासणी केली मी. मग घरी येऊन लिहिलं: 'आता या घरात कोणी राहत नाही. मागच्या पडवीतली विझलेली चूल तेवढी त्या भरल्या घराची आठवण सांगते.'

दुसरं वाक्य मला फार आवडलं होतं. सरांनाही.

ती सुट्टी नागपंचमीची होती.

इथल्या कोणत्याही पोरीला हे सांगावं लागत नाही. पंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत. लग्न झालेली बाई पंचमीला माहेरी जाते, झोका घेते, उंड्या, म्हणजे लाडू, खाते आणि चार-पाच दिवसांनी परत येते. पंचमीच्या सकाळी हुबळीत अर्ध्या घरांच्या चुली थंड असतात. नाग काय खातो हे मला माहीत होतं. बाई कुठे जाते हे मी कधी विचारलंच नव्हतं.

हे मला कळलं थंडीत. तोवर मी एकदाही फेरीला गेले नव्हते. त्या रविवारी, म्हाताऱ्याला बाजूला सरकवून आपण पाचव्या घरापाशी आलो. सरांनी माझं वाक्य मोठ्याने वाचलं. विझलेली चूल वगैरे. तुमच्यातल्या कोणी तरी "वा" म्हटलं. आणि त्या 'वा'नंतरच्या शांततेत घराच्या मागून आवाज येत होता. थप थप थप. भाकरी थापल्याचा.

एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "सर, कोणी राहत नाही म्हणता, मग थापतंय कोण? भूत?"

"शेजारचं असेल," सर म्हणाले. "जरा उजवीकडून काढा फोटो. डावीकडून धूर येतो."

तुम्ही सगळे मुकाट उजवीकडे सरकलात. हा माझा तुमच्यावरचा राग. कान तुम्हालाही होते, नाकही होतं. ज्वारीची भाकरी भाजल्याचा वास न ओळखणारा माणूस या गावात नाही. पण हातात छापील कागद होता, आणि कागदावर कोणी राहत नव्हतं.

मी डाव्या बोळातून मागे गेले. चूल ढणढणत होती. पन्नाशीची एक बाई पाटावर बसून कडक भाकऱ्या थापत होती. झालेल्या भाकऱ्या चुलीभोवती उभ्या करून वाळत घातलेल्या. माझ्या हातातलं माहितीपत्रक तिने पाहिलं आणि हात न थांबवता विचारलं, "हे कुणी लिवलंय, तुला ठाऊक हाय?"

"मीच," मी म्हणाले.

तिचे हात थांबले. "तू? कवा आलतीस बघायला?"

"श्रावणात. दाराला कुलूप होतं, अक्का. चूल थंड होती."

"श्रावणात कवा?"

मी दिवस सांगितला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता उलथनं फेकून मारते. मग ती हसायला लागली. ते हसू चांगलं नव्हतं.

"पंचमीला! पंचमीला तवा ठेवत्यात व्हय गं? कुठली तू?"

"इथलीच. हुबळीचीच."

"यव्वा! हुबळीची म्हणे." तिने शेजारच्या भिंतीलाच सांगितलं. "अगं, पंचमीला जी बाई सासरच्या घरात बसती, तिला आमच्यात काय इचारत्यात ठाऊक हाय? भाऊ मेला का तुझा, म्हणत्यात. माझा भाऊ जित्ता हाय अळणावरकडं. झोका बांधतो माझ्यासाठी. मी गेलतो. आठ दिस आधी राबून सगळ्या खानावळीला आदल्या दिवशीच्या रोट्टी पंचमीच्या भाकऱ्या पोचवल्या आणि गेलतो. आणि तू आलीस, कुलूप बघितलंस आणि मला मारून टाकलंस."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने पिठाचा हात वर केला. "ते ऱ्हाऊ दे. आत ये, कागद दावतो."

मालकाने कोर्टात दावा लावला होता. त्याला पाचव्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. जुन्या घरात एक रात्र, तुमच्यासाठीच. त्याचं म्हणणं असं की मागच्या दोन खोल्या कितीतरी वर्षं रिकाम्या होत्या आणि ही बाई दिवाळीत कुलूप तोडून आत घुसली. खरं तर तिची सासू तिथे भाडेकरू म्हणून आली, तिचा नवरा तिथेच वारला. भाडं मालकाच्या गाळ्यातला माणूस हातात घ्यायचा, कधी चिठ्ठी दिली नाही. विजेचं मीटर मालकाच्या नावावर. तिचं रेशनकार्ड अळणावरकडच्या गावाला, भावाच्या घरात. शेजारचे दुकानदार त्याचेच भाडेकरू, त्यांना अचानक काहीच आठवेना. खानावळवाला म्हणाला, "भाकऱ्या येतात, मी खातो-खपवतो. कुठल्या चुलीवरून येतात ते मी कशाला बघू?"

आणि मालकाच्या वकिलाने दाव्याला एक कागद जोडला होता. आपलं माहितीपत्रक. तिऱ्हाईताने, स्वतः जाऊन, कोणाचा संबंध नसताना लिहिलेलं. चूल विझलेली आहे म्हणून.

अक्काला वाचता येतं. तिने बोट ठेवून ते वाक्य मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "लई गोड लिवलीस गं."

आजवर मला इतकं कोणी मारलेलं नाही.

मी त्याच दुपारी सरांकडे गेले. मजकूर चुकला आहे, वाक्य काढा, रविवारी फेरीत जाहीर सांगा. त्यांनी ऐकून घेतलं. सर वाईट बोलत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे.

"पुढच्या छपाईत बघू," ते म्हणाले.

"पुढची छपाई कधी?"

"हे संपलं की. बराच गठ्ठा आहे अजून."

"सर, तोवर तिला बाहेर काढतील."

"हे बघ, आपण वारसा दाखवतो. खांब, तुळया, कोरीवकाम. मालक-भाडेकरूच्या भानगडी प्रत्येक घरात असतात. त्यात पडलो तर उद्या एकही मालक दार उघडणार नाही."

"आजही उघडत नाहीत. आपण कट्ट्यावरच उभे राहतो."

"तू फार तापतेस," सर म्हणाले.

मग पुढच्या रविवारी मी पाचव्या घरापाशी तापलेच. सरांनी वाक्य वाचायला सुरुवात करताच मी कट्ट्यावर चढून ओरडले की हे खोटं आहे, मीच लिहिलं आहे आणि मागे बाई राहते. तुमच्यातले काही खाली बघू लागले. एका गृहस्थाने मला विचारलं, "मॅडम, सहाव्या घरात ती भित्तिचित्रं आहेत ना? वेळ होतोय." दोन बायका मात्र माझ्यामागून आल्या. त्यांनी अक्काकडून भाकऱ्यांची चळत घेतली, 'किती ऑथेंटिक' म्हणाल्या आणि गेल्या. कोर्टात याल का, असं विचारायच्या आत.

अक्का माझ्यावरच भडकली. "भाषण कुणी सांगितलं तुला? तुझ्या अप्पाच्या कारखान्याचा गेट न्हवं हा. कोर्टात भाषण चालत न्हाई. लिवून दे."

लिहून दिलं. प्रतिज्ञापत्र केलं, या खेपेला खाली नाव घालून. अप्पा बरोबर आले होते, मागच्या बाकावर बसले. मालकाच्या वकिलाने माहितीपत्रक माझ्यापुढे धरलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"स्वतः बघून?"

"हो. पण पंचमी होती. बायका माहेरी..."

"तुमचे वडील पंचमी पाळतात?"

"नाही."

"तुम्ही?"

"नाही."

"म्हणजे पंचमीचं तुम्हाला नंतर कोणी तरी सांगितलं." तो हसला. "छापलेलं तेव्हाचं. प्रतिज्ञापत्र आत्ताचं. तेव्हा खोटं लिहिलंत की आता लिहिताय?"

मी चूक केली असं म्हणाले. त्याने मान हलवली आणि खाली बसला. त्याला आणखी काही नको होतं. माझा शब्द मीच फुकट घालवला होता, तोही छापून, तीन भाषांच्या कागदात, नाव न घालता.

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "आपण चाळीस वर्षं पत्रकं वाटली त्या रस्त्यावर. एकीला तरी विचारलं काय, बाई, तू कुठं निघालीस?" ते मला बोलत होते की स्वतःला, मला कळलं नाही. अप्पांवर मी पहिल्यांदाच चिडले. वीस वर्षं आधी विचारायचं होतं, असं म्हणाले. ते म्हणाले, "व्हय." चहाच्या गाड्यापाशी आम्ही दोघं उभे राहिलो आणि चहा न घेताच घरी आलो.

आता उन्हाळा संपत आला आहे. पुढची तारीख श्रावणाच्या आधी आहे. मी मधून मधून अक्काकडे जाते, पिठाच्या पिशव्या उचलते आणि बोलणी खाते. परवा तिच्या भावाचा फोन आला होता. झोक्याचा दोर यंदा नवा घेतो म्हणाला. तिने त्याला सांगितलं, "यंदा येत न्हाई." तो भांडला. ती म्हणाली, "मी गेलो तर हा मालक माझ्या कुलपावर त्याचं कुलूप घालतोय. मग काय झोक्यावरच ऱ्हाऊ?" फोन ठेवून ती पुन्हा थापायला बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ जित्ता असून पंचमीला घरात. लोकं काय काय इचारतील बघ आता."

मी कधी झोका घेतलेला नाही. त्याच्यावर पत्रक लिहिता येईल असं काही माझ्याकडे नव्हतं.

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. मालकाचं म्हणणं आहे की दिवाळीपर्यंत त्या खोल्या रिकाम्या होत्या. फेरी त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली. दिवाळीच्या आधीचे ते सगळे रविवार तुम्ही पाचव्या घरासमोर उभे होतात, आणि फोन सगळ्यांच्या हातात होते. सर तेव्हाही सांगायचे म्हणे, उजवीकडून काढा. तुमच्यात एक तरी असा असणार, ज्याने ऐकलं नाही. एखादं पोर, एखादी चेंगट मावशी, डावीकडे जागा मिळाली म्हणून तिथूनच काढणारा कोणी. त्या फोटोत दाराच्या डाव्या बाजूला बोळ दिसेल. बोळाच्या टोकाशी दोरीवर लुगडं असेल. वर धाब्यावर उजेडासाठी ठेवलेलं भोक आहे, त्याला इथे बेळकिंडी म्हणतात. त्यातून धूर निघत असेल. तुमच्या सुंदर फोटोत नको असलेला तो धूर.

आज फोन उघडा. दिवाळीच्या आधीच्या रविवारांचे फोटो काढून बघा, हसऱ्या तोंडांच्या मागे बघा. धूर दिसला, लुगडं दिसलं, नुसती भाकऱ्यांची बुट्टी दिसली तरी तो फोटो काढला त्याच फोनसकट, तारखेसकट घेऊन पाचव्या घराच्या डाव्या बोळातून मागे या. पुढच्या दारावर थांबू नका, तिथे कोणी राहत नाही. मागे थप थप ऐकू येईल तिथे या, आणि श्रावण लागायच्या आत या, म्हणजे तिला माहेरी जाता येईल.